आधी पक्ष्यांची वही, मग आर

प्राणिशास्त्राच्या मुलांना 'आर' ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा शिकवायला घेणाऱ्या नव्या शिक्षकांना माझं पहिलं सांगणं: व्हेरिएबल, लूप, फंक्शन या क्रमाने सुरुवात करू नका. गणित नको म्हणून जीवशास्त्राकडे वळलेली मुलं वर्गात असतात, ती पहिल्याच तासाला हातपाय गाळतात. आधी एका गटाला सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर पाठवा, दुसऱ्याला हिप्परग्याच्या तलावावर. पक्षी मोजून वहीत लिहू द्या. आकडे स्वतःचे असले की मुलं त्यांच्याशी झगडतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो नोंदींच्या तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीवर, आणि तो जायलाच हवा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर फिरलो, काळवीट दिसलं नाही, तर शून्य. पावसामुळे फेरीच झाली नाही, तर एनए, म्हणजे 'आकडा उपलब्ध नाही'. समजा तीन फेऱ्या ठरल्या होत्या: पहिलीत 6 काळविटं, दुसरीत एकही नाही, तिसरी रद्द. खरी सरासरी 3. रद्द फेरीला शून्य धरलं तर 2, आणि शून्यालाच एनए केलं तर थेट 6! वही एकच, उत्तरं तीन. एनए असताना आर सरासरी देतच नाही, उत्तरातही एनएच छापतो. मुलं वैतागतात, पण त्या क्षणी लगेच उपाय सांगू नका. कुठली चौकट का रिकामी आहे, ते आधी त्यांना शोधू द्या.

मग 'व्हेगन' पॅकेज घ्या, म्हणजे जैवविविधता मोजण्यासाठी आरला जोडायचा तयार फंक्शनांचा संच. चार जातींचे दहा-दहा पक्षी असतील तर शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांची संख्या किती समान हे एकत्र सांगणारा आकडा, 1.39 येतो. एकाच जातीचे 37 आणि बाकी तिन्हींचा एकेक असेल तर 0.35. दोन्हीकडे जाती चार, पक्षी चाळीस. हा फरक आधी कागदावर काढून घ्या, मगच फंक्शन चालवा.

आर फुकट आहे, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी चालतो. पॅकेजेस मात्र आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, तासाला नेटच्या भरवशावर राहू नका.

सबमिशनला नुसता कोड घेऊ नका. प्रत्येक ओळीच्या वर हॅश (#) टाकून ती ओळ का लिहिली, हे मराठीत लिहायला लावा. हॅशपुढचं आर वाचत नाही, त्यामुळे देवनागरी चालते. फाइल तेवढी यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट जपणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करायची.