थंड गाडी चालू करताना येणारी ‘कुईं’: आवाज नेमका कुठून येतोय हे कसं शोधायचं

डिसेंबर-जानेवारीत निफाड, धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, किंवा पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर भिजते. सकाळी सेल्फ मारला की बोनेटखालून कर्कश ‘कुईं’ निघते आणि मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबते. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, आवाज नसतो, आणि मेकॅनिक एक तर ‘काही नाही’ म्हणतो नाहीतर सरळ नवा बेल्ट टाकून देतो. महिन्याभराने आवाज परत येतो. बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने अल्टरनेटर, वॉटर पंप वगैरेंच्या पुल्या (चाकं) फिरवणारा रबरी पट्टा, ओरडतो हे खरं, पण त्याला ओरडायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा दुसरीकडेच असते. ती सापडल्याशिवाय नव्या बेल्टवर पैसे घालू नका.

आधी सकाळीच का होतं ते बघू. सेल्फने बॅटरीतून बराच करंट खेचलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू झाल्या झाल्या अल्टरनेटर (बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र) तो भरून काढायला लागतो. समजा तो ८० अँपिअर देतोय. १४ व्होल्टला ही साधारण १.१ किलोवॉट वीज झाली. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास धरली तर बेल्टला जवळजवळ २ किलोवॉट ताकद ओढून न्यावी लागते, तीही सगळ्यांत लहान पुलीवर, जिथे बेल्ट टेकायला जागाच थोडी. त्यात थंडीने रबर कडक झालेलं आणि खोबणीत दवाचं पाणी. पकड सुटते, बेल्ट घसरतो आणि रबर किंचाळतं. बॅटरी थोडी भरली, बेल्ट गरम होऊन मऊ पडला की पकड परत येते. म्हणजे संशयित तीन: बेल्टचा ताण, पुलीची फिरण्याची अडचण आणि थकलेली बॅटरी. तिसऱ्याकडे सहसा कुणी बघतच नाही.

तपासणीसाठी गाडी किमान आठ तास बंद हवी. गॅरेजमध्येच दाखवायची असेल तर आदल्या संध्याकाळी तिथे सोडून या आणि सकाळी तुमच्यासमोर चालू करायला सांगा. घरी तपासत असाल तर बोनेट उघडून ठेवा, आत कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि पहिल्या सेकंदापासून मोबाईलवर आवाज टिपा. ओढणी, मफलर, सैल बाही आणि मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा कधीही स्वतःहून फिरू शकतो, म्हणून हात घालायची वेळ आली की किल्ली काढून खिशात.

आवाजाची जात ओळखली की अर्धं काम होतं. सलग, ताणलेली ‘कुईंऽऽऽ’ म्हणजे बेल्ट घसरतोय. चिमणीसारखं ठराविक अंतराने ‘चिक्‌ चिक्‌ चिक्‌’ होत असेल आणि रेस दिल्यावर त्याच चालीत भरभर होत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. कोरडी घरघर किंवा किरकिर, जी गाडी तापल्यावर कमी होते पण पूर्ण जात नाही, ती बेअरिंगची. आणि किल्ली सोडल्यावर जेमतेम सेकंदभर टिकणारा धातूचा चरचर आवाज सेल्फचा, त्यासाठी बेल्टला हात लावायचं कारण नाही.

आता आवाज चालू असतानाच भार बदलून बघा. हेडलाइट अपर, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर फुल करा. आवाज वाढला तर अल्टरनेटरकडे चला. सगळं बंद करून फक्त एसी लावल्यावर वाढला तर कॉम्प्रेसरकडे. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून दोन-तीन सेकंदच धरा. तेव्हा किंचाळला तर स्टीअरिंग पंपाला फिरवणारा बेल्ट ढिला आहे. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाड्यांत पंपच नसतो, तिथे स्टीअरिंग वळवल्यावर मोटरचा भार अल्टरनेटरवर येतो.

यानंतर पाण्याची परीक्षा, आणि ही सगळ्यांत जास्त सांगून जाते. स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या आणि गाडी आयडलला असताना बेल्टच्या खोबणीच्या, म्हणजे आतल्या बाजूवर लांबूनच एक-दोन फवारे मारा. आवाज काही सेकंद दबला आणि परत आला तर पुल्यांची रेष बिघडली आहे. आवाज उलट वाढला तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर लक्ष ठेवा. पाण्याऐवजी डब्ल्यूडी-४०, तेल किंवा ग्रीस कधीही मारू नका. आवाज तेवढ्यापुरता जाईल, पण सध्याच्या बेल्टचं इपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं आणि बेल्ट निकामी होतो. बेल्टला साबण घासायची जुनी सवयही तशीच: आवाज झाकते, दोष तिथेच राहतो, वर खोबणीत घाण चिकटते.

गाडी बंद करून बेल्ट नीट बघा. टॉर्चच्या उजेडात त्याची आतली बाजू थोडी वळवून धरा. चांगल्या बेल्टच्या कड्यांची (आतल्या बाजूच्या लांब उंचवट्यांची) पाठ मळकट, निस्तेज काळी दिसते आणि बोटाला किंचित पकड लागते. घसरलेला बेल्ट काचेसारखा चकचकीत होतो, नख फिरवलं तर सरकतं. जुन्या निओप्रीन बेल्टला आडव्या भेगा पडायच्या, त्यामुळे ‘भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला’ हा समज अजून टिकून आहे. इपीडीएम बेल्टला भेगा उशिरा पडतात. तो टायरसारखा झिजतो. कड्यांमधली खाच रुंद होत जाते, शेवटी पुलीची टोकं खाचेच्या तळाला टेकतात आणि बाजूची पकड संपते. म्हणून वरून धडधाकट दिसणारा बेल्टही घसरू शकतो. एकाच बाजूची कड खाल्ली गेली असेल, धागे निघाले असतील, तर पुल्या वाकड्या चालल्या आहेत हे नक्की. बेल्ट कुठे ओला, मऊ किंवा फुगीर लागला तर वरून इंजिन ऑइल किंवा कूलंट गळतंय. ती गळती बंद केल्याशिवाय नवा बेल्ट टाकला तर तोही जाईल.

खालून बघायलाही विसरू नका. आपल्याकडे उंच स्पीडब्रेकरला घासून इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर फाटतं आणि मेकॅनिक ते काढून टाकतात. मग चाकाने उडालेलं पाणी आणि कोकणात तर लाल माती थेट बेल्टवर. पावसाळ्यातच येणाऱ्या आवाजामागे हे कव्हर नसणं असू शकतं.

ताण बघण्याच्या दोन तऱ्हा आहेत. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोरात, साधारण १० किलोचा, दाब द्या. अनेक गाड्यांत बेल्ट ६ ते १० मिमी दबायला हवा, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. ताणताना अल्टरनेटरचा खालचा, फिरता बोल्ट आणि वरचा सरकपट्टीचा बोल्ट दोन्ही ढिले करा. एकच सोडला तर अल्टरनेटर तिरका बसतो आणि चिकचिक सुरू होते. जास्त ओढायचा मोह आवरा. आवाज लगेच जातो, पण अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग त्या ओढीने वेळेआधी जातात. दुसरी तऱ्हा ऑटोमॅटिक टेन्शनरची, म्हणजे स्प्रिंगने बेल्ट आपोआप ताणून धरणाऱ्या हाताची. गाडी चालू असताना त्याचा हात हलकासाच थरथरायला हवा. तो जोरजोरात वरखाली नाचत असेल तर आतलं डॅम्पिंग (थरथर शोषण्याची सोय) संपलंय. बंद गाडीत पान्याने हात मागे ओढून हळू सोडा: अडखळत आला, चरकला किंवा मधेच थांबला तर टेन्शनर बदला. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, स्वतः ताणला जाणारा स्ट्रेच बेल्ट असतो. तो पेचकसाने चढवू नका, चढवायचं टूल वेगळं मिळतं.

इथवर दोष सापडला नाही तर बेल्ट काढा. काढायच्या आधी तो कसा फिरवलाय त्याचा फोटो घ्या. आता प्रत्येक पुली हाताने फिरवा आणि आतबाहेर, वरखाली हलवा. चांगली आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) लोण्यासारखी फिरते आणि बोटाने ढकलल्यावर थोडक्यात थांबते. बराच वेळ गिरगिरत राहिली तर आतलं ग्रीस सुकलंय; थंडीत सगळ्यांत आधी तीच बोंबलते. वॉटर पंपाची पुली जराही डगमगायला नको. पंपाच्या बॉडीखाली एक बारीक छिद्र असतं. त्याभोवती गुलाबी, हिरवा किंवा पांढरट सुका थर दिसला तर पंपाचं सील गळतंय. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. तिची बाहेरची कडी एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला घट्ट लागायला हवी. दोन्हीकडे घट्ट असेल तर ती जाम झाली आहे, आणि बंद करतानाही गाडी ‘कुईं’ करते ती यामुळेच. खोबणीतला चिकटलेला रबराचा काळा थर कोरड्या नायलॉन ब्रशने काढा.

बेल्ट नसताना इंजिन चालू करून बघता येतं, पण वीस-तीस सेकंदच, कारण बहुतेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. थंड गाडीत हे केलं आणि आवाज पूर्ण गेला तर दोष बेल्टच्या वाटेवरच आहे. राहिला तर क्लच दाबून बघा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्ही वेळा सारखाच असेल आणि शिट्टीसारखा वाटत असेल तर हवेचे पाइप, इनटेकचं गॅस्केट तपासा: थंड रबर आकसल्यावर फट उघडते आणि तापल्यावर बुजते.

बॅटरी तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. ती दर सकाळी अल्टरनेटरला जास्त राबवते आणि किंचाळतो बेल्ट. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, मात्र काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा बदलता राहतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-निळसर थर असेल तर आधी तो साफ करा.

नवा बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. ६पीके१०७० म्हणजे सहा कड्यांचा, पीके प्रकारचा, १०७० मिमी लांबीचा. ‘जवळपास हाच आहे’ म्हणून १०–१५ मिमी लांब बेल्ट दिला तर टेन्शनर टोकाला जाऊन बसतो आणि आवाज नव्यानेच येतो. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बेल्टच्या सगळ्या कड्या खोबणीत बसल्या आहेत का, बोटाने चाचपून खात्री करा. एक कडी बाहेर राहिली तर बेल्ट काही किलोमीटरमध्ये फाटतो.

गाडी तापल्यावरही आवाज चालू राहिला, डॅशवर बॅटरीचा दिवा लागला, टेम्परेचरचा काटा चढला किंवा जळक्या रबराचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवा आणि टो करून न्या. काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या वेगळ्या बेल्टवर) असतो. पंप जाम झाला तर टायमिंग बेल्ट तुटू शकतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकू शकतात.