एअरलाइनचे वैमानिक होण्यासाठी: हवाई दल की थेट फ्लाइंग स्कूल?

‘सीपीएलचा, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याचा, खर्च झेपणार नाही, तेव्हा आधी हवाई दलात जाऊ आणि पुढे एअरलाइनमध्ये येऊ,’ असा हिशेब पुष्कळ घरांत मांडला जातो. खर्चापुरता तो बरोबर असला, तरी हवाई दल ही सरकारी खर्चाने चालणारी फ्लाइंग स्कूल नव्हे. तेथे वैमानिक आधी सैनिक असतो आणि नोकरी सोडण्याची वेळ बहुधा त्याच्या हातात नसते.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्गे जाणाऱ्याचे वय अभ्यासक्रम सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे आणि 12वीला भौतिकशास्त्र व गणित असावे. खडकवासल्याची तीन वर्षे आणि त्यानंतर हैदराबादजवळील दुंडीगलच्या अकादमीतील उड्डाण-प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नियुक्ती, मिळते. निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे 20 वर्षांची सेवा लागते आणि त्याआधी मुक्त करण्याची विनंती मान्य होईलच, असे नाही. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून अल्पमुदतीचे कमिशन घेतल्यास उड्डाण शाखेत 14 वर्षांची सेवा असते; तिला निवृत्तिवेतन नाही, पण पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान बाहेर पडण्याचा मार्ग ठरलेला असतो. एअरलाइन हेच अंतिम उद्दिष्ट असणाऱ्याला या दोहोंपैकी दुसरा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो.

मात्र लढाऊ विमान, मालवाहू विमान की हेलिकॉप्टर, हे प्रशिक्षणातील कामगिरी आणि दलाची गरज पाहून ठरते. उमेदवाराची पसंती शेवटचा शब्द नसते. मालवाहू विमानांवरचा, म्हणजे अनेक इंजिनांचा आणि दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचा अनुभव एअरलाइनला थेट उपयोगी पडतो. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला मात्र विमानाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो. उड्डाण शाखेसाठीची संगणकीकृत अभियोग्यता चाचणी, म्हणजे सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. तिच्यात अनुत्तीर्ण झालेल्याला हवाई दलात उड्डाणाचा दरवाजा कायमचा बंद होतो, म्हणून तयारी नसताना ‘बघू तरी’ म्हणून जाऊ नये.

सेवेतून बाहेर पडताना नागरी परवाना आपोआप हाती पडत नाही. लष्करी उड्डाणाचे तास नियमांनुसार ग्राह्य धरले जातात, परंतु डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, आवश्यक परीक्षा, रेडिओ परवाना आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी यांतून जावेच लागते. ही तयारी सेवेच्या अखेरच्या वर्षांत, परवानगी घेऊन सुरू करावी. त्यातही एअरलाइनमधील ज्येष्ठता बहुधा रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे हजारो तासांचा अनुभव असलेला माजी अधिकारीही उजव्या बाजूच्या आसनावर, सहवैमानिक म्हणूनच सुरुवात करू शकतो. ज्याला हे कमीपणाचे वाटेल, त्याने आधीच विचार करावा.

नागरी मार्गात पहिली पायरी फ्लाइंग स्कूलची फी नव्हे, तर वैद्यकीय तपासणी ही असावी. आधी द्वितीय श्रेणीची आणि लगोलग प्रथम श्रेणीची तपासणी करून घ्यावी, कारण लाखो रुपये भरल्यानंतर रंगांधळेपणा किंवा हृदयाचा दोष उघड झाला, तर ते पैसे परत मिळतीलच असे नाही. चष्मा असल्याने या मार्गात सहसा अडत नाही. वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र व गणित हे विषय पूर्ण करता येतात.

त्यानंतर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा 70 टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हाव्या लागतात आणि 200 तासांचे उड्डाण पूर्ण करावे लागते. संस्था गोंदियात आहे की बारामतीत, यापेक्षा तिची किती विमाने आज प्रत्यक्ष उडत आहेत आणि किती प्रशिक्षक हजर आहेत, हे तेथील सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारावे. विमाने हँगरमध्येच उभी असतील, तर वर्षभराचा अभ्यासक्रम सहज लांबतो. फी एकरकमी न भरता उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांत भरण्याची अट लेखी घालून घ्यावी.

खर्चाचा अंदाज करताना सीपीएलवर थांबू नये. परवान्यासाठीच साधारण 50 लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम लागते आणि एअरबस ए-320सारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता, त्याव्यतिरिक्त काही लाखांचे असते. परवाना मिळाल्यावर नोकरी लगेच लागतेच असे नाही. त्या काळातही वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रेटिंग चालू ठेवण्यासाठी पैसे लागतात, म्हणून कर्ज घेताना हप्ते केव्हा सुरू होतात, हे बँकेकडून आधी लिहून घ्यावे.