मॅनिफोल्डचा तुटलेला बोल्ट

गॅस्केट (सांध्यातली सील) बदलायला घेतलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा, ८ एमएमचा बोल्ट कटकन तुटला. डोकं पान्यात, बाकीचा इंजिनाच्या हेडमध्ये.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर थोटूक जेमतेम दिसत होतं, पक्कड घसरत होती. अशा वेळी बरेच जण एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) ठोकतात. मला ते पटत नाही. तो इतका कडक असतो की आतच मोडला तर साधं ड्रिल त्याला भेदत नाही, मग खरी पंचाईत.

जळगावचा मे, म्हणून वेल्डरदादांना सकाळीच बोलावलं. आधी बॅटरीच्या वायरी काढल्या. थोटकावर नट ठेवून त्यांनी नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. हेड ॲल्युमिनियमचं, त्याला पोलादाचं वेल्डिंग धरत नाही, हे बरंच. वर उष्णतेने गंजाची पकडही सुटते. लाली गेल्यावर म्हणाले, "आता हळू हलवा भाऊ." थोडं सैल, थोडं परत आत, असं करत, गार झाल्यावर गंज सोडवणारं तेल सोडत. किरकिरत आला बाहेर!

आटे १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये) टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ केले, नव्या बोल्टला कॉपर ग्रीस लावलं. थोटूक खोल असतं तर मात्र बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिलच करावं लागलं असतं. गॅस्केट नवं टाकलं, एक्झॉस्टची फटफट थांबली.