घरातली कागदपत्रं कशी लावावीत

घर आवरायला घेतलं की बहुतेक जण कपड्यांच्या कपाटाला हात घालतात. माझं मत विचाराल तर आधी कागद काढा. कपाट विस्कटलेलं असेल तर ब्लाउज शोधण्यात दहा मिनिटं जातात. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सापडलं नाही तर फ्लॅटचा व्यवहारच अडून बसतो. माहेरचे, सासरचे आणि नात्यातल्या बऱ्याच घरांचे कागद लावून दिल्यावर जी पद्धत टिकली, तीच इथे सांगते.

सगळे कागद एका जागी आणा. देवघराखालच्या खणातले, टीव्हीमागचे, जुन्या पर्समधले, सगळे. मुदत संपलेली गॅरंटी कार्डं आणि लग्नपत्रिका तिथल्या तिथे बाजूला काढा. रबर बँड आणि गंजक्या टाचण्याही काढा, पावसाळ्यात त्यांचे डाग कागदात उतरतात.

मग माणसागणिक एक फाइल करा आणि घराची एक वेगळी. ‘सगळ्यांची आधार कार्डं एकत्र’ ही पद्धत दिसायला नीटनेटकी, पण मुलाच्या अ‍ॅडमिशनला आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल हे सगळं त्याचं एकट्याचंच लागतं. त्यासाठी चार फायली उघडाव्या लागल्या की कागद परत जागेवर जात नाहीत. घराच्या फाइलमध्ये नोंदणी केलेला करारनामा, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट आणि मालमत्ता कराच्या पावत्या. गावी जमीन असेल तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार.

मूळ कागद लॅमिनेट करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतराची नोंद आणि सह्या होतात. प्लास्टिकवर त्या कशा होणार? साधं पारदर्शक पाकीट पुरे.

इथवरचं काम एका रविवारचं. खरा कस पुढे लागतो.

फायली लावून झाल्या तरी एक ढीग उरतोच. ठेवायचं म्हटलं तर कुठे ते कळत नाही, टाकायचं म्हटलं तर हात धजावत नाही. सासऱ्यांचं जुनं पासबुक. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र. नॉमिनीची जागा कोरी असलेली एफडीची पावती. मला सगळ्यात जास्त दमवलं ते या ढिगाने. त्याची ‘इतर’ नावाची फाइल करा, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ती फाइल फुगत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत घर होतं तिथेच येतं. ‘सहा महिन्यांत लागलं नाही ते फेका’ हा सल्ला तर कागदांच्या बाबतीत घातकच आहे.

या ढिगातला प्रत्येक कागद म्हणजे घरातल्या कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम आहे. तेव्हा तो कुठे ठेवायचा याचा विचार सोडा. त्यात काय करायचं राहिलंय ते शोधा आणि चिठ्ठीवर लिहून त्याला लावा.

पासबुकाला चिठ्ठी: ‘शाखेत जाऊन चौकशी’. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, पण ती बुडत नाही. वारसांना बँकेकडे दावा करून ती मिळवता येते, आणि अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल सुरू केलं आहे. कर्जाच्या पत्राला: ‘मूळ कागद परत आणणे’. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. एफडीच्या पावतीला: ‘नॉमिनी लावणे’. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सगळ्यात चिवट काम नावांचं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पॅनवर नवऱ्याचं नाव, पासबुकात नुसती आद्याक्षरं, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे ‘डबल ई’ तर दुसरीकडे ‘आय’. एकाच बाईचे कागद तीन वेगळ्या बायकांचे वाटतात. एका फुलस्केपवर प्रत्येक कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर उतरवून काढा. कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा आणि आधी आधार आणि पॅन जुळवा, कारण बँकेचं केवायसी त्यांवरच होतं. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असू द्या. जिथे तो चालत नाही तिथे राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. निकड नसताना हे उरकून घ्या. घरात कुणी गेल्यावर दाव्याच्या धावपळीत हे करणं फार जिवावर येतं.

आता तारखा. दूध आलं नाही त्या दिवशी आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो ना, त्याच कॅलेंडरवर आठवड्याला एक काम लिहा आणि शेजारी ते करणाऱ्याचं नाव. ‘आपण करू’ असं ठरलेलं काम कुणीच करत नाही. एका आठवड्यात दोन कामं घेऊ नका, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे लिहितानाच बघा. काम होईपर्यंत तो कागद कॅलेंडरजवळच्या पाकिटात राहील. झालं की त्याच्या माणसाच्या फाइलमध्ये जाईल, नाहीतर फाडला जाईल. पाकीट रिकामं व्हायला दोन-तीन महिने लागले तरी घाबरू नका.

उरलेलं सगळं स्कॅन करा. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याने दिलेली प्रत मूळ कागदासारखीच ग्राह्य असते, तुम्ही फोटो काढून चढवलेली नसते.

शेवटी एका कागदावर बँका, पॉलिसींचे क्रमांक, लॉकर कुठल्या शाखेत आणि किल्ली कुठे एवढं लिहा आणि घरातल्या दोघांना तरी दाखवा. पासवर्ड त्यावर नकोत. मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. नॉमिनी नसेल तर तो उघडायलाच वारसांना आधी कागद जमवावे लागतात. मृत्युपत्र घरीच, तुमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर असू द्या.