लिनक्सवर दोन मॉनिटरची मांडणी कायम कशी ठेवावी

लॅपटॉप डावीकडे, मोठा मॉनिटर उजवीकडे, अशी मांडणी रात्री नीट करून ठेवावी आणि सकाळी पाहावं तर दोन्हीकडे एकच चित्र. नाहीतर माऊस उजवीकडे नेला की मधेच अडतो. मुंबईत घरून काम करणाऱ्यांना ही कटकट जरा जास्तच, कारण घरात टेबल एकच. रात्री मुलांच्या अभ्यासासाठी ते रिकामं करायचं, बोर्डावरचं बटण बंद करायचं, सकाळी पुन्हा वायरी जोडायच्या.

सेटिंग बहुतेक वेळा पुसलेलं नसतं. डेस्कटॉप, म्हणजे लिनक्सवर खिडक्या-मेनू दाखवणारं सॉफ्टवेअर, मांडणी साठवतो ती मॉनिटरच्या ओळखीसकट. प्रत्येक मॉनिटर केबलमधून आपली कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आणि चालणारी रिझोल्यूशन कळवतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. ग्नोम हा उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप तर सोबत पोर्टचं, म्हणजे केबल लावायच्या खाचेचं, नावही लिहून ठेवतो. काल मॉनिटर थेट एचडीएमआयला होता आणि आज टाइप-सी हबमधून आला, तर ग्नोमच्या लेखी तो वेगळाच संच, आणि त्यासाठी मांडणी नव्याने करावी लागते. याचा फायदाही आहे. बीकेसीतल्या ऑफिसचा मॉनिटर आणि मुलुंडच्या घरचा मॉनिटर, दोन्हींची मांडणी वेगवेगळी लक्षात राहते.

१. आधी केबल बघा

सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा आणि दुसऱ्या स्क्रीनचं नाव वाचा. कंपनीचं नाव दिसलं तर ठीक. ‘अननोन डिस्प्ले’ असं दिसलं तर ओळख पोहोचतच नाही, आणि मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी ती फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. जुना व्हीजीए मॉनिटर स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरवर चालवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. लॅमिंग्टन रोडला अ‍ॅडॅप्टर घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या, दुकानातल्या मॉनिटरला जोडायला लावा आणि नाव येतंय का ते तिथेच बघा.

मग एक पोर्ट ठरवा आणि तेच वापरा. हबवर दोन एचडीएमआय असतील तर एकाला रंगीत टेप लावून टाका.

२. सेशन कोणतं आहे?

उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट, मग सिस्टीम डिटेल्स असं गेलात की ‘विंडोइंग सिस्टीम’पुढे वेलँड किंवा एक्स११ लिहिलेलं दिसेल. या स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या दोन यंत्रणा; लॉगिन करताना यातली जी वापरली जाते ते तुमचं सेशन. दोन्हींत एकाच पोर्टचं नाव वेगळं पडू शकतं, म्हणून आज या सेशनमध्ये आणि उद्या त्या सेशनमध्ये लॉगिन करू नका. स्क्रीनची मांडणी बदलणाऱ्या एक्सरँडर कमांडचा नेटवर सर्रास सांगितला जाणारा तोडगा एक्स११ चा आहे. वेलँडवर त्याने मांडणी बदलत नाही.

३. मांडणी करा आणि खरंच साठवा

ग्नोममध्ये ‘जॉइन डिस्प्लेज’ निवडा, चौकोन ओढून जागेवर ठेवा, मुख्य स्क्रीन ठरवा, ‘अप्लाय’ दाबा. इथेच अनेक जण उठून चहा घ्यायला जातात. ‘कीप चेंजेस’ विचारणारी खिडकी २० सेकंदच थांबते. बटण दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते आणि नवीन साठवलीच जात नाही.

दाबल्यावर खात्री करा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेल्या फाइल दाखवा, ‘डॉट कॉन्फिग’ उघडा. ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ नावाच्या फाइलची वेळ आत्ताची असली पाहिजे. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये याच जागी ‘सिनॅमन-मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ असते. वेळ जुनीच असेल तर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये मालक बघा. कधीतरी सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून काही चालवलेलं असतं, फाइल रूट या अ‍ॅडमिन यूजरच्या नावावर जाते आणि नवीन मांडणी तिच्यात लिहिलीच जात नाही. अशा वेळी तिचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि मांडणी पुन्हा करा.

एक्सएफसीई डेस्कटॉपवाल्यांनी डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये प्रोफाइल बनवून ठेवावं आणि स्क्रीन जोडताच ते आपोआप लागू होण्याचा पर्याय चालू करावा. केडीई डेस्कटॉपचं काम सहसा आपसूक होतं.

एन्व्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांच्या सेटिंग्जमध्ये आणि डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये, दोन्हीकडे मांडणी करू नका. लॉगिननंतर डेस्कटॉप स्वतःची मांडणी लावतो आणि दुसरीकडची मेहनत वाया जाते.

४. एक्स११ वर तरीही जमत नसेल तर ऑटोरँडर

लॉगिनला एक्सरँडरची स्क्रिप्ट चालवण्याचा उपाय मला आपल्याकडच्या घरांत फारसा पटत नाही. स्क्रिप्ट एकदाच चालते. बोर्डावरचं बटण उशिरा दाबलं, मॉनिटर मागाहून जागा झाला, की ती कामाची नाही. त्यापेक्षा ऑटोरँडर हा प्रोग्राम बरा, तो स्क्रीन जोडल्याची चाहूल घेतो आणि साठवलेली मांडणी लावतो. पॅकेज टाका, मांडणी मनासारखी करा, टर्मिनलमध्ये ऑटोरँडर, स्पेस, दोन डॅश जोडून सेव्ह, स्पेस आणि प्रोफाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. सगळं स्मॉल लेटर्समध्ये. मॉनिटर काढून फक्त लॅपटॉपचंही एक प्रोफाइल बनवा. ते नसेल तर वायर काढल्यावर खिडक्या न दिसणाऱ्या स्क्रीनवर अडकून राहू शकतात. निवड आपोआप झाली नाही तर सेव्हच्या जागी चेंज लिहून, पुढे नाव न देता, तीच कमांड चालवा.

५. लॉगिनची स्क्रीन

डेस्कटॉप नीट येतो, पण पासवर्डचा चौकोन भलत्याच मॉनिटरवर उगवतो, ही तक्रार वेगळी. ग्नोमची लॉगिन स्क्रीन जीडीएम नावाच्या वेगळ्या यूजरखाली चालते, तिला तुमच्या होममधली फाइल दिसत नाही. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ मध्ये तुमची ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’ सुडो लावून ‘/’ या सगळ्यात वरच्या फोल्डरमधल्या व्हार, लिब, जीडीएम३, डॉट कॉन्फिग या वाटेने आतल्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मालक म्हणून जीडीएम यूजर द्या आणि रीस्टार्ट करा. पुढे कधी मांडणी बदललीत तर ही कॉपी हातानेच पुन्हा करावी लागते.