ऑनबोर्डिंगचं डिझाइन: पहिल्या उपयोगी कामापासून मागे या

प्रॉडक्ट डिझाइनमध्ये नव्याने आलेल्यांच्या हाती ऑनबोर्डिंगचं, म्हणजे नव्या माणसाला ॲप पहिल्यांदा वापरायला लावणाऱ्या स्क्रीनचं काम लवकर येतं, कारण त्यात स्क्रीन थोड्या असतात. मग फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून आधी काढल्या जातात त्या तीन सरकत्या स्वागत-स्क्रीन: एक चित्र, एक घोषवाक्य, खाली तीन ठिपके. त्या अगदी शेवटी काढा. बहुतेक वेळा तोवर त्यांची गरजच उरलेली नसते. ॲप उतरवून घेणाऱ्याने स्टोअरवरचं वर्णन वाचलेलं असतं किंवा कुणीतरी त्याला सुचवलेलं असतं. त्याला आता काम करून बघायचं असतं.

आधी कागदावर एक वाक्य लिहा: या माणसाचं पहिलं उपयोगी काम कोणतं? उदाहरणासाठी किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीचं ॲप घेऊ. वाक्य असं होईल: ‘एका गिऱ्हाइकाच्या नावावर एक उधारी लिहिली आणि बाकी दिसली.’ ‘नोंदणी पूर्ण झाली’ असं लिहिलंत, तर ते कंपनीचं काम झालं, दुकानदाराचं नव्हे. आता या वाक्यापासून एकेक पाऊल मागे या. उधारी लिहायला काय लागतं? नाव आणि रक्कम. दुकानाचं नाव आठवणीचा मेसेज पाठवताना लागेल, तेव्हा विचारा. गिऱ्हाइकाचा नंबरही तेव्हाच. जीएसटी क्रमांक बिल बनवेपर्यंत लागत नाही. दुकानदाराचा स्वतःचा नंबर? पहिल्या दोन-तीन नोंदी फोनमध्येच साठवा आणि मग म्हणा, ‘फोन हरवला तरी हिशेब राहावा म्हणून नंबर जोडा.’ तोवर जपण्यासारखं काहीतरी तयार झालेलं असतं, म्हणून नंबर देण्यात त्याला अर्थ दिसतो.

ॲपलच्या नियमांचाही रोख हाच आहे: ॲपचं मुख्य काम खात्यावर अवलंबून नसेल, तर लॉगिनशिवाय वापरू द्या. खातं उघडायची सोय दिली असेल, तर ते ॲपमधूनच मिटवण्याची सोय ३० जून २०२२ पासून सक्तीची आहे. तीही डिझाइन करायची असते, आणि नवखे ती हमखास विसरतात.

मीटिंगमध्ये मार्केटिंग, विक्री, डेटा असे सगळे आपापला रकाना घेऊन येतात: वय, पिनकोड, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ प्रत्येकाला एकच विचारा: हे उत्तर पहिल्या दिवशी कोणत्या स्क्रीनवर वापरलं जाणार? स्क्रीन दाखवता आली नाही, तर प्रश्न नंतर.

काही ॲपमध्ये मात्र अशा गोष्टी नंतरवर ढकलायला जागाच नसते. यूपीआयमध्ये बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये आहे हे तपासायला फोनमधून एक एसएमएस बाहेर जातो. तिथे घोटाळे ठरलेले: दोन सिमपैकी चुकीचं निवडलं जातं, बँकेत जुना नंबर असतो, किंवा रिचार्ज संपल्यामुळे एसएमएस जातच नाही. पुढे पिन ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत लागते, किंवा आधारचा ओटीपी. हे सगळं आधी एका स्क्रीनवर साध्या शब्दांत सांगा: ‘बँकेत दिलेल्या नंबरचं सिम याच फोनमध्ये हवं, एसएमएसपुरता रिचार्ज हवा, कार्ड जवळ ठेवा.’ कार्ड शोधायला उठलेला माणूस परत आला की त्याच पायरीवर सापडायला हवा.

ओटीपीची स्क्रीन दिसते सोपी, पण सर्वाधिक माणसं तिथे अडकतात असं मानूनच तिचा अभ्यास करा. सहा वेगळ्या चौकटी काढायचा मोह होतो. त्या नीट बांधल्या नाहीत तर पेस्ट होत नाही, आपोआप भरत नाही, मागचा अंक खोडता येत नाही. एकच रकाना ठेवा, अंकांमध्ये अंतर हवं तर दिसण्यापुरतं द्या. ज्या नंबरवर ओटीपी गेला तो वर दिसू दे आणि शेजारी ‘बदला’ असू दे, कारण चुकीचा नंबर टाकून वाट बघत बसणारे पुष्कळ. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर दोन मेसेज येतात आणि माणूस आधीच्या मेसेजमधला ओटीपी टाकतो. म्हणून मुदत संपेपर्यंत तोच ओटीपी पुन्हा पाठवायला बॅकएंडच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) लोकांना सांगा. अँड्रॉइडवर एसएमएस वाचायची परवानगी न मागता ओटीपी उचलणारी गूगलची सोय आहे; त्यासाठी मेसेज १४० बाइटच्या आत आणि त्यात ॲपचा ११ अक्षरी कोड लागतो. मराठी एसएमएसला एका भागात ७० च जागा मिळतात आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ म्हणजे चार. शिवाय भारतात एसएमएसचा मसुदा आधी डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो. त्यातला एक शब्द परस्पर बदलला तर मेसेज वाटेतच अडतो. एसएमएसचा मजकूर म्हणूनच पहिल्या आठवड्यात पक्का करा.

याच स्क्रीनवर आणखी एक बिघाड लपलेला असतो. कमी रॅमच्या फोनवर माणूस ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो, तेवढ्यात सिस्टिम तुमचं ॲप बंद करते, आणि परत आल्यावर पुन्हा भाषानिवडीची स्क्रीन समोर! टीममधल्या महागड्या फोनवर हे कधीच दिसत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये स्क्रीन सोडताक्षणी ती नष्ट करणारा पर्याय आहे. तो चालू करून सगळा प्रवास एकदा करा. भरलेला नंबर, गाठलेली पायरी, उरलेले सेकंद, सगळं जसंच्या तसं परत यायला हवं.

परवानग्यांचा हिशेब काटेकोर असतो. आयफोनवर सिस्टिमची खिडकी एकदाच येते. नकार मिळाला की पुढचा रस्ता सेटिंग्जमधूनच. अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार दिला की ती खिडकी पुन्हा येत नाही. अँड्रॉइड १३ पासून नव्याने बसवलेल्या ॲपला सूचना पाठवण्याचीही परवानगी मागावी लागते. ॲप उघडताच मागितलेली परवानगी कशासाठी हे कुणालाच कळत नाही, म्हणून नकार साहजिक. उधारीच्या ॲपमध्ये दुकानदाराने ‘शनिवारी आठवण कर’ असं निवडलं, की त्या क्षणी सूचनांची परवानगी मागा. आणि संपर्कयादी तर मागूच नका. एक गिऱ्हाईक निवडायचं असेल तर दोन्ही सिस्टिममध्ये स्वतःची संपर्क-निवड स्क्रीन आहे. माणसाने निवडलेला एकच नंबर ॲपला मिळतो आणि परवानगीची खिडकीच येत नाही. डेव्हलपरने सवयीने पूर्ण यादी मागितली असेल, तर हे त्याला आवर्जून दाखवा.

संमतीच्या स्क्रीनवर आधीच टिकमार्क केलेली चौकट ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे, आणि मराठी त्या २२ भाषांत आहेच.

मराठी आवृत्ती म्हणजे इंग्रजी वाक्यांचं भाषांतर एवढाच अर्थ घेतला जातो, याचं वाईट वाटतं. नावाचा रकाना तपासणारी अट बघा. ती फक्त अक्षरं स्वीकारणारी असेल तर ‘सविता’ नाकारली जाते, कारण युनिकोड या अक्षरांच्या संगणकी प्रमाणात मात्रा हे अक्षर नसून चिन्ह धरलं जातं. दोन्ही वर्ग चालू द्यायला हवेत. रकमेत कुणी २४० असे देवनागरी अंक टाकले तर तेही चालले पाहिजेत. भाषेचा कोड हिंदीचा ठेवला तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात. कोड मराठीचा हवा आणि फाँटमध्ये ती वळणं हवीत. बटणाची उंची इंग्रजीवर बेतली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ‘र्ध्या’ आणि ‘त्कृ’ असलेले शब्द घालून प्रत्येक बटण तपासा.

रिकामी स्क्रीन हा ऑनबोर्डिंगचाच भाग. ‘अजून नोंदी नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. खाली ‘पहिली उधारी लिहा’ हे बटण द्या.

मोजमाप करताना उघडलं, पहिली उधारी लिहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली, या तीन आकड्यांपासून सुरुवात करा. फायरबेस या गूगलच्या मोजमापाच्या साधनातली ‘पहिल्यांदा उघडलं’ ही नोंद ॲप काढून पुन्हा बसवणाऱ्यालाही नवा धरते, हे लक्षात ठेवा. उलट अँड्रॉइडच्या बॅकअपमुळे ‘ऑनबोर्डिंग झालं’ ही खूण परत येऊ शकते आणि खरोखर नवं खातं उघडणाऱ्याला काहीच दिसत नाही. ती खूण बॅकअपमधून वगळायला सांगा.

चाचणीसाठी पाच-सहा दुकानदार पुरतात, पण भर गिऱ्हाइकीच्या वेळी जाऊ नका. ॲप ताजं बसवलेला साधा फोन हातात द्या आणि इतकंच सांगा: ‘एकाने २४० रुपयांचं सामान उधार नेलं, ते लिहा.’ मग गप्प बसा. ‘इथे दाबा’ असं तोंडून निघालं की ती चाचणी वाया गेली. अंगठा कुठे थबकतो, कोणती ओळ मोठ्याने वाचली जाते, कुठे मागे जायचं बटण दाबलं जातं, तेवढं टिपा. दुरुस्ती झाल्यावर दुसरीच माणसं शोधा. पहिल्यांना आता रस्ता पाठ झालेला असतो.