कन्व्हेन्शनमध्ये चाहत्यांच्या भेटवस्तू स्वीकारताना या चुका टाळा

एरवी स्ट्रीमरला (इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्याला) आपले प्रेक्षक चॅटमधल्या नावांपुरतेच ठाऊक असतात. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, तीच नावे रांगेत उभी राहतात आणि त्यांतल्या अनेकांच्या हातांत काही ना काही असते: स्वतः काढलेले चित्र, विणलेली बाहुली, चार पानी पत्र, खाऊचा डबा. यांतल्या बहुतेक वस्तू निखळ आपुलकीने आणलेल्या असतात. अडचण एवढीच आहे की शेकडो वस्तूंमधली एखादी धोक्याची असली, तर ती बाहेरून ओळखता येत नाही. आणि वस्तू समोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नीट विचार करून निर्णय घेणे कोणालाही जमत नाही. पुढे दिलेल्या बहुतेक चुका निर्णय त्या क्षणावर सोडल्यामुळेच होतात.

नियम आधी जाहीर न करणे

काय स्वीकारले जाईल आणि काय नाही, हे कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी चॅनेलवर आणि समाजमाध्यमांवर स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘शक्यतो खाद्यपदार्थ आणू नयेत’ असे मोघम वाक्य लिहिले, तर प्रत्येक जण स्वतःला अपवाद समजतो. ‘पत्रे आणि सपाट चित्रे स्वीकारली जातील, खाद्यपदार्थ, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू, रोख रक्कम आणि दागिने स्वीकारले जाणार नाहीत’ असे लिहिल्यास वाद उरत नाही. आयोजकांचे या बाबतीत वेगळे नियम असू शकतात, म्हणून ते आधी विचारून घ्यावेत आणि दोन्हींपैकी जो कडक असेल तो पाळावा. एकदा नियम जाहीर केल्यावर चॅटवर देखरेख करणाऱ्या ओळखीच्या मॉडरेटरसाठी किंवा जुन्या सदस्यासाठी तो मोडू नये. रांगेतले बाकीचे सगळे ते पाहत असतात.

वस्तू स्वतः घेऊन स्वतःच्याच पिशवीत ठेवणे

भेटवस्तू सहायकाने घ्यावी आणि टेबलामागच्या वेगळ्या खोक्यात ठेवावी. स्ट्रीमरने आभार मानावेत, दोन शब्द बोलावेत, हवे तर वस्तूसोबत छायाचित्र काढू द्यावे. मात्र ती आपल्या पाठपिशवीत टाकू नये. वस्तू घेतानाच सहायकाने तिच्यावर चिठ्ठी लावून देणाऱ्याचे चॅटमधले नाव, दिवस आणि अंदाजे वेळ लिहून ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटते आणि दुपारनंतर हमखास टाळले जाते. पण पुढे एखाद्या वस्तूत काही आक्षेपार्ह सापडले, तर ती कोणी दिली हे सांगणारा दुसरा कोणताही पुरावा हाती नसतो. शिवाय आभाराचे संदेश पाठवायलाही हीच यादी उपयोगी पडते.

बंद पाकिटे आणि खोकी टेबलावर उघडू नयेत, आणि थेट प्रक्षेपण चालू असताना तर मुळीच उघडू नयेत. ‘आत्ता माझ्यासमोर उघडा ना’ या आग्रहाला ‘सगळ्या वस्तू आम्ही नंतर एकत्र उघडतो’ एवढे उत्तर पुरेसे आहे.

भेट मिळालेला खाऊ खाणे

याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. घरी केलेले पदार्थ, उघडलेली पाकिटे आणि झाकण सैल असलेल्या बाटल्या खाऊ-पिऊ नयेत आणि सहकाऱ्यांनाही वाटू नयेत. कारखान्यात बंद केलेल्या पाकिटावरही सुईचे बारीक छिद्र सहज दिसत नाही, आणि पदार्थात शेंगदाणे किंवा दूध आहे की नाही हे करणाऱ्याला विचारण्याची सोय तेव्हा नसते.

आवाज आला नाही म्हणून बाहुली सुरक्षित मानणे

मऊ खेळणी, उशा, जाड अस्तराच्या पिशव्या आणि चित्रांच्या चौकटी यांत माग काढणारे उपकरण लपवणे सर्वांत सोपे असते. अ‍ॅपलचा एअरटॅग, म्हणजे वस्तू कुठे आहे हे मालकाच्या फोनवर दाखवणारी छोटी चकती, २०२१ च्या एप्रिल महिन्यात बाजारात आला. त्याचा व्यास ३१.९ मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर आणि वजन ११ ग्रॅम आहे. म्हणजे कापूस भरलेल्या बाहुलीत तो हाताला जाणवेलच असे नाही. मालकापासून दूर राहिलेला एअरटॅग हलवला गेल्यावर आवाज करतो, परंतु त्यासाठी सुरुवातीला तीन दिवसांचा अवधी होता, आणि २०२१ च्या जून महिन्यापासून तो कमी करून ८ ते २४ तासांच्या दरम्यान कितीही असू शकेल असा केला गेला. दुपारी मिळालेली बाहुली रात्री हॉटेलच्या खोलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहोचू शकते, हे लक्षात घेतले तर शांततेचा अर्थ किती थोडा आहे हे कळते. त्यातच ज्यांच्यातला स्पीकर काढून टाकला आहे असे टॅगही वापरले जातात.

अ‍ॅपल आणि गूगल यांनी मिळून तयार केलेली सूचना-व्यवस्था २०२४ च्या मे महिन्यात आली. आयओएस १७.५ पासून आयफोनवर आणि ६.० किंवा त्यापुढच्या अँड्रॉइड फोनवर अनोळखी ब्लूटूथ टॅग आपल्यासोबत फिरत असल्यास सूचना मिळते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून स्वतःहून तपासणीही करता येते. ही तपासणी सभागृहात करून उपयोग नाही, कारण तिथे हजारो लोकांची उपकरणे आसपास असतात. खोके घेऊन वर्दळीपासून दूर गेल्यावर आणि मुक्कामी पोहोचण्याच्या आधी ती करावी. सिमकार्डावर चालणारे जीपीएस उपकरण मात्र या तपासणीत सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक शिवण बोटांनी चाचपणे, आवाज करणाऱ्या खेळण्याचा बॅटरीचा कप्पा उघडून पाहणे आणि चौकटीची मागची पाठ काढणे, याला पर्याय नाही. इतका वेळ देणे शक्य नसेल, तर अशा वस्तू न स्वीकारण्याचा नियमच बरा.

उपकरण सापडलेच, तर घाबरून ते लगेच कचऱ्यात फेकू नये. एनएफसी (अगदी जवळून माहिती वाचण्याची सोय) असलेला फोन एअरटॅगच्या पांढऱ्या बाजूजवळ धरल्यास त्याचा अनुक्रमांक दिसतो. त्याचे आणि वस्तूवरच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढावे, मग बॅटरी काढून टॅग जपून ठेवावा आणि आयोजकांच्या सुरक्षा विभागाला व पोलिसांना कळवावे. तोवर घरी किंवा ज्या हॉटेलचा पत्ता अजून कोणाला कळलेला नाही तिथे जाऊ नये. टॅग हॉटेलच्या खोलीतच सापडला असेल, तर खोली बदलणे पुरेसे नाही, हॉटेल बदलावे.

पेनड्राइव्ह ‘फक्त बघण्यासाठी’ लावणे

चाहते स्वतः केलेले संगीत, अ‍ॅनिमेशन किंवा गेम पेनड्राइव्हमध्ये भरून देतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यांतल्या किमान ४५ टक्के पेनड्राइव्हमधल्या फायली कोणीतरी उचलून संगणकावर उघडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. तिथे देणारा कोण हेही माहीत नव्हते; इथे तर तो हसून हातात देतो. पेनड्राइव्हसारखे दिसणारे उपकरण संगणकाला स्वतः कीबोर्ड असल्याचे भासवून आज्ञा देऊ शकते, त्यामुळे आधी व्हायरस तपासू आणि मग उघडू, हा क्रमही सुरक्षित नाही. ज्या संगणकावरून स्ट्रीम चालते आणि ज्यात चॅनेलचे पासवर्ड आहेत, त्याला अनोळखी पेनड्राइव्ह, केबल, कीबोर्ड किंवा यूएसबीवर चालणारा शोभेचा दिवा जोडू नये. फाइल पाहायचीच असेल, तर ती ऑनलाइन पाठवायला सांगावे. चुकून जोडले गेलेच, तर संगणक लगेच इंटरनेटपासून तोडावा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावेत, सगळीकडची लॉगिन सत्रे बंद करावीत आणि स्ट्रीम की (चॅनेलवर प्रक्षेपण पाठवण्याचा गुप्त कोड) नवी घ्यावी. शेवटची गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

महागडी वस्तू आधी घेणे आणि नंतर परत पाठवणे

येथे सद्भावनेनेच चूक होते. घड्याळ, दागिना किंवा महाग फोन संकोचापोटी घेतला जातो, काही दिवसांनी तो ठेवणे योग्य वाटत नाही आणि टपालाने परत पाठवला जातो. देणाऱ्याच्या मनात मात्र मधल्या काळात नात्याची एक कल्पना तयार झालेली असते. २०१६ च्या मे महिन्यात टोकियोजवळच्या कोगानेई येथे एका तरुण गायिकेवर कार्यक्रमाच्या ठिकाणाबाहेर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर तिचा चाहता होता आणि त्याने दिलेले मनगटी घड्याळ तिने परत केल्याचा राग त्याच्या मनात होता. ती वाचली. तिने त्या माणसाविषयी आधीच पोलिसांना सांगितले होते, हेही नोंदवण्यासारखे आहे. यावरून नकार देऊच नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नकार जागच्या जागी, सहायकाच्या तोंडून आणि सर्वांना लागू असलेल्या नियमाचा हवाला देऊन दिला जावा, म्हणजे तो व्यक्तिगत वाटत नाही. वस्तू आधीच हाती आली असेल, तर ती परत करण्याचे काम स्वतः करू नये. व्यवस्थापक किंवा आयोजक यांच्यामार्फत, आपला पत्ता उघड न करता आणि सोबत खासगी चिठ्ठी न जोडता ते व्हावे. देणाऱ्याचे संदेश आधीपासूनच धमकीवजा असतील, तर वस्तू तशीच पुरावा म्हणून ठेवून पोलिसांचा सल्ला घ्यावा.

परतीच्या सामानाचा विचार न करणे

विमानतळावर ‘सामान तुम्ही स्वतः भरले का, कोणी काही दिले आहे का’ असे विचारले जाते, आणि त्या प्रश्नाला न उघडलेल्या वीस खोक्यांसह खरे उत्तर देणे अवघड असते. पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाही. सोबत नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असल्याने चालते. पाणी भरलेला काचेचा शोभेचा गोळाही द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या नियमात अडकू शकतो. रोपे, बिया आणि मांसाचे पदार्थ दुसऱ्या देशात नेताना बहुधा जप्त होतात. तपासून झालेल्या वस्तू कुरियरने पाठवणे सोयीचे असते, फक्त पत्ता घरचा न देता कार्यालयाचा किंवा टपालपेटीचा द्यावा.

भेटवस्तू उघडण्याच्या स्ट्रीममध्ये पत्रे कॅमेऱ्यासमोर धरणे

खोक्यावरचे कुरियरचे लेबल आधीच फाडून टाकावे, ही काळजी आता बहुतेक जण घेतात. पत्रांत मात्र चाहत्यांचे स्वतःचे पत्ते, फोन नंबर, शाळेची नावे आणि कधी कधी कोणाला न सांगितलेल्या आजारांची वर्णनेही असतात, आणि लिहिणाऱ्यांत अल्पवयीन मुले असतात. पत्र आधी एकट्याने वाचावे, आणि त्यातले काही सांगायचेच झाले तर नाव न घेता, स्वतःच्या शब्दांत सांगावे. असा तपशील चुकून दिसला, तर मूळ व्हिडिओ काढून टाकणे पुरत नाही. ट्विच या स्ट्रीमिंगच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी काढलेल्या क्लिप वेगळ्या राहतात, त्या स्वतंत्रपणे शोधून काढाव्या लागतात. आणि ज्याचा पत्ता दिसला, त्याला ही गोष्ट इतरांकडून कळण्याआधी स्वतः कळवावे लागते.